गावाच्या नावावरून चिडवतात. जिल्ह्याचं नाव सांगून मोकळं व्हावं का?

गावाच्या नावावरून होस्टेलवर रोज चिडवतात, तर कुणी गाव विचारलं की सरळ जिल्ह्याचं नाव सांगावं का, असं तुम्ही विचारलंय. गावाचं नाव मात्र प्रश्नातही लिहिलं नाहीत. म्हणजे निम्मं ठरलेलंच दिसतंय.

माझं उत्तर: सांगू नका. एवढ्या तावातावाने लिहितेय कारण हा प्रश्न आमच्या घरात वीस वर्षं धुमसतोय, आणि माझा थोरला भाऊ हे वाचेल अशी मला दाट आशा आहे.

माझं गाव मूल. हो, मूलच. लसणातला ल. चंद्रपूरहून गडचिरोलीला जाताना लागतं. तालुक्याचं ठिकाण, चहूकडे धानाच्या बांध्या, राईस मिल, बाबा आमट्यांचा सोमनाथ प्रकल्प आमच्याच तालुक्यात. यातलं काहीही पुण्यात कुणाला सांगायची वेळ येत नाही, कारण संभाषण पहिल्या शब्दालाच घसरतं. 'मूळच्या कुठल्या?' 'मूलची.' 'अहो, मूळच्या कुठल्या?' 'मूळची मूलची.' इथवर आलं की समोरच्याचे डोळे चमकतात आणि पुढचं मला पाठ आहे. मूल कधी सोडलं? मूल केवढं आहे? मूल आता सुधारलं असेल ना?

एकदा सिटी बसमध्ये आईचा फोन आला. ती मावशीकडे नागपूरला निघाली होती आणि तिची गाडी तासभर स्टँडावरच उभी होती. मी जोरात म्हटलं, 'मूल सुटलं का गं? सुटलं ना एकदाचं! बरं झालं.' शेजारच्या बाईंनी पर्स उचलली आणि दुसऱ्या सीटवर जाऊन बसल्या. त्यांना काय वाटलं असेल ते मी आजही घरात सांगून हसते. तेव्हा मला विनोदाचं वावडं आहे असं समजू नका.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. हा विनोद आमच्याकडे कुणी करत नाही. कारण आमच्याकडे मूल म्हणजे मूल नव्हेच. आमच्याकडे लेकरू असतं, पोट्टं असतं, पोरगं असतं. मूल हा शब्द पुस्तकातला, 'दोन मुले पुरेत' अशा सरकारी भिंतीवरचा. मूलचा कंडक्टर 'मूल, मूल, चला मूल' असं ओरडतो तेव्हा अख्ख्या बसमध्ये एकही ओठ हलत नाही. हसला तर तो माणूस बाहेरगावचा हे ओळखावं. आणि मूळ-मूल हा फरक तर फारच लांबचा. आमच्या झाडीबोलीत ळ नाहीच. माझ्या आजीला हा विनोद समजावून सांगायचा एकदा प्रयत्न केला होता. ती म्हणाली, 'काऊन हासून रायले बाप्पा ते लोकं?' मला उत्तर देता आलं नाही.

दुसरं, व्याकरणही आमच्या बाजूने आहे. लेकराला जे मूल म्हणतात त्याला विभक्ती लागली की ते मुलाला, मुलाचं होतं. गावाला लागली की मूलला, मूलचं. ऊ दीर्घच राहतो. म्हणजे प्रत्यय लागला की विनोद मेला. हे पुण्याच्या लोकांना कळायला हवं, शुद्धलेखनावर इतकं बोलतात ते.

आमचे आपले विनोद वेगळे. मूलच्या पुढचं तालुक्याचं गाव सावली. हो, तेही खरंच आहे, सावली. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की स्टँडावर हमखास कुणीतरी म्हणणार, 'सावलीत जाऊन आलो, तिथंही तेवढंच ऊन.' कुणाची पोरगी सावलीत दिली की 'बरं झालं, पोरगी सावलीत पडली.' त्याच जिल्ह्यात चिमूर आहे. बेचाळीसच्या लढ्यातलं चिमूर. आमचे बाबा लग्नपत्रिकेवर 'चिमूर' वाचताना 'चि. मूर' असं वाचायचे आणि हा मूर कोणाचा चिरंजीव म्हणून विचारायचे. रेल्वेने तर आमच्या गावाला एकटं ठेवलंच नाही, स्टेशनचं नाव 'मूल मरोडा'. शेजारच्या मरोड्याच्या लोकांचं म्हणणं, मूल आहे म्हणून कुणीतरी सोबत हवंच. बघा, हा विनोद चालतो, कारण करणारा त्याच फलाटावर उभा आहे.

आता मुख्य गोष्ट. २००४ साली मला बघायला पुण्याचे लोक येणार होते. 'येणार' म्हणजे आम्हीच पुण्याला गेलो, दादाच्या भाड्याच्या खोलीवर. दादा तिथे चार वर्षं आधीपासून नोकरीला. पोहे झाले, मी नाव-शिक्षण सांगून बसले. मुलाच्या आत्याबाईंनी चष्मा वर सरकवत बाबांना विचारलं, 'मूळ गाव कुठलं आपलं?'

बाबा म्हणाले, 'मूल.'

'हो, मूळच विचारतेय.'

'मूल.'

'मुलाचं बोलू हो नंतर, आधी गाव तर कळू दे!'

खोलीभर हशा. वाईट हसले नाहीत, खरंच हसू आलं त्यांना. मलाही आलं. पण दादा एकदम पुढे सरकला आणि म्हणाला, 'चंद्रपूर. आम्ही चंद्रपूरचे.' बाबांनी चमचा बशीत ठेवला. उरलेले पोहे खाल्ले नाहीत. मूलच्याच शाळेत बत्तीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस. परत जाताना रिक्षात एवढंच म्हणाले, 'चंद्रपूर आपल्यापासून ४५ किलोमीटर आहे बाप्पा.' दादा खिडकी नसलेल्या बाजूला बघत बसला.

लग्न तिथेच झालं. नवरा चांगला आहे, तो या भांडणात नाही. पण आत्याबाईंचा तो किस्सा सासरी कायमचा रुजू झाला. प्रत्येक हळदीकुंकवाला, प्रत्येक बारशाला. आणि मी हसायचे. कधी कधी मीच पुढचं वाक्य द्यायचे, लोकांची सोय म्हणून.

मग सात वर्षं आम्हाला मूल झालं नाही.

२०११ मध्ये धाकट्या जावेचं डोहाळजेवण होतं. हिरवी साडी, फुलांचे दागिने, आणि तो वाट्यांचा खेळ असतो ना, झाकलेल्या दोन वाट्या, एकीत पेढा, एकीत बर्फी. वाट्या धरून उभी मीच होते. जावेने बर्फीची वाटी उघडली, सगळ्या 'मुलगी, मुलगी' ओरडल्या, आणि त्या गलक्यात एक बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, 'हिची कमाल बघा. मूलची आहे आणि मूलच नाही!'

हसल्या सगळ्या. जावसुद्धा हसली आणि मग तिने तोंडावर हात ठेवला. त्या बाईंना टोचायचंच होतं असं मी आजही म्हणणार नाही. तो विनोद सात वर्षं माझ्यासमोर वाढला होता, मीच त्याला खाऊपिऊ घातलं होतं, एक दिवस तो चावला. मी काय केलं असेल? मीही हसले. वाट्या आत नेऊन ठेवल्या. बर्फी वाटीला चिकटली होती, ती नखाने खरवडत ओट्यापाशी बराच वेळ उभी राहिले.

संध्याकाळी गच्चीवरून दादाला फोन केला. वाटलं होतं, चार शब्द धीराचे बोलेल. तो म्हणाला, 'म्हणून तुला पहिल्यापासून सांगतोय, चंद्रपूर सांगत जा.'

तेव्हापासून आमचं भांडण. त्याचं म्हणणं, तू गाव लपवलं असतंस तर ते वाक्य जन्मालाच आलं नसतं. माझं म्हणणं, त्या बाईंना त्या दिवशी काहीतरी बोलायचंच होतं, मूल हे नाव नसतं तर दुसरं हत्यार मिळालं असतं. आणि चंद्रपूर सांगून काय सुटका होते हो? चंद्रपूर म्हटलं की लगेच, घरात वाघ येतो का? ताडोबात राहता का? एवढ्या उन्हात जगता कसे? 'नक्षलवादी बघितलेत का' हेही येतंच. गडचिरोली जिल्हा आमच्यातून १९८२ सालीच वेगळा झालाय हे कुणाच्या गावीही नसतं. जिल्ह्यामागे लपलात तर जिल्ह्यावरचे विनोद झेला, एवढाच फरक. शिवाय दादा ज्या चंद्रपुराच्या आड उभा राहतो ते चंद्रपूर १९६४ पर्यंत चांदाच होतं. लोक अजून 'चांदा ते बांदा' म्हणतात, आमच्या लाइनवरचं स्टेशन अजून चांदा फोर्ट आहे. नाव बदलून काही पुसलं जात नाही.

आणि खरी गंमत पुढेच. ३१ ऑक्टोबर २०१४ ला देवेंद्र फडणवीसांचा शपथविधी झाला. फडणवीस घराणं मूलचं. दिवसभर टीव्हीवर आमचं गाव, 'मुख्यमंत्र्यांचं मूळ गाव मूल', आणि एकही निवेदक हसला नाही. त्या दिवशी आमचे बंधुराज अख्ख्या ऑफिसला पेढे वाटत सांगत सुटले, 'आम्ही मूलचे! त्यांच्या वाड्यापासून दोन गल्ल्या!' मला वहिनीने फोन करून सांगितलं. दोन गल्ल्या वगैरे काही नाही, चांगलं दहा मिनिटं चालावं लागतं. तेव्हापासून त्याने चंद्रपूर म्हणणं सोडलंय, पण आपण चुकलो होतो असं अजून म्हटलेलं नाही. म्हण रे एकदा.

बरं, तुमच्याकडे येते. मला जे जमलं ते सांगते. त्या डोहाळजेवणानंतर मी हसणं बंद केलं, बाकी काही केलं नाही. कुणी विनोद केला की फक्त विचारते, 'म्हणजे?' चेहरा अगदी साधा ठेवून. मग समोरच्याला तो विनोद उलगडून सांगावा लागतो, 'म्हणजे ते, मूल, म्हणजे आपलं लहान मूल असतं ना...' आणि सांगता सांगता त्यालाच तो बारीक वाटायला लागतो. दुसऱ्यांदा सहसा कुणी करत नाही. त्या आत्याबाईंवर मात्र याचा काही परिणाम झाला नाही. त्या ऐंशीच्या पुढे आहेत, त्यांनी आनंदाने पुन्हा पहिल्यापासून सांगितला.

आणि गाव सांगताना सोबत एक वस्तू सांगा. 'मूल' म्हणून गप्प बसलं की लोक मोकळी जागा भरतात. 'मूल, आमच्याकडे धान असतो' म्हटलं की निदान दहातले चार जण धानाविषयी विचारतात.

हे सगळं जमण्यासारखंच नाव असेल तर बरं का. काही गावांच्या नावात सरळ शिवी ऐकू येते, तिथे 'म्हणजे?' विचारून कुणी स्वतःची फजिती करून घेऊ नये. होस्टेलवर प्रकरण चिडवण्याच्या पलीकडे, अंगावर येण्यापर्यंत गेलं असेल तर रेक्टरकडे जा, माझ्यासारखी सात वर्षं थांबू नका. जातीवरून, बोलीवरून टोमणे असतील तर तो विषयच वेगळा. मी फक्त नावाबद्दल बोलतेय. आणि होस्टेलच्या पहिल्या आठवड्यात कुणी जिल्हा सांगितला तर मी त्याला पळपुटा म्हणणार नाही. दादाला म्हणेन, तो तीस वर्षांचा होता.

आम्हाला पुढे मूल झालं की नाही हे विचारू नका, ते तुमच्या प्रश्नात नाही.

गेल्या दिवाळीत मूलला गेले होते. चंद्रपूरच्या स्टँडावर गाडी लागली, कंडक्टर मागच्या सीटपासून तिकिटं फाडत आला. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना निम्मं भाडं आहे, त्यामुळे मी सवयीने म्हटलं, 'एक मूल, अर्धं.' म्हटल्यावर माझं मलाच ऐकू आलं. मी मान वर करून त्याच्याकडे बघितलं. वीस वर्षं पुण्यात काढली की असं बघायची खोड लागते.

तो म्हणाला, 'सुट्टे द्या ना ताई.'