तुमच्या मुलाच्या शाळेविषयी

कॅनडातल्या ब्रॅम्प्टनमध्ये एवढी माणसे वाढली आहेत तर शाळा-दवाखान्यांचे काय, आणि आठ वर्षांच्या मुलाला घेऊन यावे की नाही, असे तुम्ही मुलुंडहून विचारले आहे. व्हिसाची माहिती सरकारी संकेतस्थळावर आहे, ती मी पुन्हा सांगत नाही.

2001 साली सव्वातीन लाखांचे असलेले हे शहर 2021 च्या जनगणनेत साडेसहा लाखांच्या पुढे गेले. बाहेरून किती माणसे घ्यायची हे ओटावाचे केंद्र सरकार ठरवते, शाळा आणि रुग्णालयांचा पैसा प्रांत सरकारकडून येतो आणि रोजचे गाऱ्हाणे मात्र पालिकेच्या दारात जाते; त्यामुळे माणूस आधी पोहोचतो व सोय मागाहून येते. जानेवारी 2020 मध्ये, कोरोनाची साथ येथे पसरण्याआधीच, येथील नगरपरिषदेने आरोग्यसेवेची आणीबाणी जाहीर केली होती. 2024 मध्ये परदेशी विद्यार्थ्यांच्या परवान्यांवर मर्यादा आली, पण भरलेले वर्ग त्यामुळे रिकामे होत नाहीत. फॅमिली डॉक्टर मिळेपर्यंत आम्ही चौदा महिने वॉक-इन क्लिनिकवर, म्हणजे आधी वेळ न ठरवता जाता येणाऱ्या दवाखान्यावर, काढले. ते निभावले.

शाळेचे मात्र अजून सलते. माझ्या मुलीचा वर्ग दोन वर्षे मैदानात आणून ठेवलेल्या पोर्टेबलमध्ये, म्हणजे पत्र्याच्या खोलीत, भरत असे. स्वच्छतागृह मुख्य इमारतीत असल्याने हिवाळ्यात बूट, कोट, टोपी असा सगळा जामानिमा करून बर्फातून जावे लागे. म्हणून ती शाळेत पाणीच पीत नसे, हे मला डॉक्टरांनी विचारल्यावर कळले. पुढे शाळेची हद्द बदलली आणि घर तेच असताना तिला दुसऱ्या शाळेत, बसने चाळीस मिनिटांवर, पाठवण्यात आले. मी तीन अर्ज केले. तिन्ही उत्तरे अत्यंत नम्र होती आणि तिन्हींत जागा नव्हती.

परळच्या आमच्या चाळीत नळाची धार बारीक झाली की ‘लोंढे’ हा शब्द निघायचा, आणि तो मीही तावातावाने वापरलेला आहे. येथे बसथांब्यावर एक वृद्ध गृहस्थ शेजारणीला तेच सांगत होते, माझ्याकडे न पाहता, आणि मुलीची शाळा आठवून मी जवळजवळ मान डोलावली. (एकटेपणाचे तुम्ही विचारले नाहीत, बरे केलेत, त्याची सवय होते.)

तेव्हा या, पण भाड्याचा करार करण्याआधी त्या पत्त्याची मुले प्रत्यक्षात कोणत्या शाळेत जातात, हे शाळा मंडळाला विचारून लेखी घ्या. नव्या वसाहतींच्या तोंडाशी, येथील मुलांना दूरच्या शाळेत पाठवले जाऊ शकते, अशी सूचना देणारी पाटी असते. आमच्याकडेही होती. नव्या घरासमोर उभे राहून आईला पाठवलेल्या पहिल्या फोटोत ती माझ्या खांद्यामागे स्पष्ट वाचता येते.