हे वाक्य तुम्ही पहिल्यांदा कुणाकडून ऐकलंत?

प्रश्न : ताई, माझी पंधरा वर्षांची मुलगी परवा म्हणाली, "आई, तू भेदभाव करतेस." शाळेच्या प्रोजेक्टसाठी तिला एका कृष्णवर्णीय मैत्रिणीच्या घरी जायचं होतं. अनोळखी घर म्हणून मी नको म्हटलं, दोघी आपल्याकडेच बसा म्हणाले. पण गेल्या महिन्यात एका गोऱ्या मैत्रिणीकडे मी तिला काही न विचारता पाठवलं होतं, तेही घर अनोळखीच होतं. मला फार लागलं. आम्ही स्वतः इथे परदेशात परकेपणा सोसलाय, मग मी अशी कशी असेन?

उत्तर : तुमच्या मुलीने दोन प्रसंग शेजारी शेजारी ठेवले. पूर्वग्रह पकडायची याहून चांगली रीत मला माहीत नाही. एकेकटा प्रसंग घेतला तर तो सापडत नाही, कारण तुमची काळजी खोटी नव्हतीच. पण तीच काळजी गेल्या महिन्यात कुठे होती, याचं उत्तर चटकन सुचत नसेल तर घाई करू नका. त्या अडखळण्यापाशीच थोडं थांबा.

स्वतः सोसलं म्हणून मन आपोआप स्वच्छ होत नाही. अर्जावरचं आपलं नाव बघून कुणी तो बाजूला ठेवला तर आपण चिडतो, आणि नवं मराठी कुटुंब भेटलं की आडनाव ऐकायला आपलेच कान टवकारतात. आडनावावरून काही कळलं नाही, तर 'मूळचे कुठले?' हा प्रश्न येतोच. मे १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात बाबासाहेबांनी ज्ञानकोशकार केतकरांचं एक मत दिलं होतं : हिंदू जगात इतरत्र गेले, तर जात हा साऱ्या जगाचा प्रश्न होईल. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिअ‍ॅटल शहराने भेदभावविरोधी कायद्यात जातीचा समावेश केला. असं करणारं ते अमेरिकेतलं पहिलं शहर. तेव्हा आपण सामानात काय काय आणलं, हे तपासायला हवं.

हे येतं कुठून? बहुतेक वेळा अतिशय प्रेमळ माणसांकडून, आणि म्हणूनच ते तपासणं जड जातं. समोर बसवून आपल्याला कुणी हे शिकवलेलं नसतं. काही माणसांचं नाव निघालं की घरात आवाज खाली यायचा. बाळ बघायला आलेली मंडळी आधी रंगाबद्दल बोलायची. लहान मूल तेवढ्यावरून बरोबर समजतं. मग परदेशात आल्यावर, घर शोधताना, आधी आलेली आपलीच मंडळी सांगतात, 'तो भाग नको, तिकडची शाळा नको.' नव्या देशात बावरलेला माणूस हा सल्ला जपून ठेवतो. पुढे कित्येक वर्षं तो पडताळून बघायची वेळच येत नाही.

म्हणून एक करा. नको म्हणताना मनात आलेलं वाक्य जसंच्या तसं कागदावर लिहा. गुळगुळीत करू नका, कागद कुणाला दाखवायचा नाहीये. मग आठवा, हे पहिल्यांदा कुणी म्हटलं? त्या व्यक्तीला स्वतःला तसा अनुभव आला होता का? पुष्कळदा तिनेही ते दुसऱ्या कुणाकडून ऐकलेलं असतं, आणि त्या माळेत प्रत्यक्ष काही पाहिलेला माणूस सापडतच नाही. असं वाक्य सोडून देणं म्हणजे आजीचा किंवा वडिलांचा अपमान नव्हे. त्यांच्या मायेवर त्याने ओरखडाही उठत नाही.

हे एकटीने पूर्ण जमणार नाही, तशी अपेक्षाही ठेवू नका. मानसशास्त्रज्ञ एमिली प्रॉनिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात लोकांनी स्वतःला सरासरी माणसापेक्षा कमी पूर्वग्रही ठरवलं होतं. मन नकळत कसं एका बाजूला कलतं हे त्यांना समजावून सांगितलं, तरीही! म्हणून मुलीला सांगा, "तुझं बरोबर होतं. पुढेही असं दिसलं की मला सांगत जा." आईने हे एवढं म्हटलं की मुलं गप्प बसणं सोडतात. माझ्या मते तुमच्या घरात आत्ता याचीच गरज सर्वांत जास्त आहे.

आणि त्या मैत्रिणीच्या आईला फोन करा. घरी मोठं कोण असेल, मुलीला न्यायला किती वाजता येऊ, हे जरूर विचारा, कुठल्याही आईने विचारावेत असेच हे प्रश्न आहेत. फक्त पुढच्या वेळी त्या गोऱ्या मैत्रिणीच्या आईलाही हेच विचारा.