देवाला सारे आधीच ठाऊक असेल, तर विश्वास ठेवण्याला काय अर्थ उरतो?
आपल्या प्रश्नात ‘जाणणे’ म्हणजे केवळ आगाऊ माहिती असणे, असे गृहीत धरलेले दिसते. आमच्याकडे जालन्यात, ढेकूळ हातात चुरून मृग कोरडा जाणार हे सांगणारा म्हातारा शेतकरी काही पाऊस अडवत नाही, तसेच देवाचे पूर्वज्ञान कोणावर सक्ती करत नाही, असे पुष्कळदा समजावले जाते. हा दृष्टान्त मात्र अर्ध्यावरच थांबतो, कारण बायबलमधील रोमकरांस पत्राच्या ८व्या अध्यायातील २९वे वचन (‘ज्यांना देवाने आधीच जाणले...’) घटना जाणण्याविषयी नसून माणसांना जाणण्याविषयी, म्हणजे त्यांना आपलेसे करण्याविषयी आहे, आणि त्यांनी ख्रिस्ताच्या प्रतिरूपाचे व्हावे हा हेतूही तेथेच सांगितला आहे.

वाद पुढे आहे: देव तारणासाठी माणसांची निवड कशावरून करतो? डच धर्मपंडित आर्मिनियसच्या अनुयायांनी १६१० मध्ये मांडले की, कोण विश्वास ठेवील हे जाणून देवाने निवड केली. नेदरलँड्समधील डॉर्टच्या धर्मसभेने (१६१८-१९) उलट ठरवले की, विश्वास हेच निवडीचे फळ आहे. जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत वसवणारे नारायण शेषाद्री स्कॉटिश प्रेस्बिटेरियन परंपरेतले, म्हणजे दुसऱ्या, डॉर्टच्या बाजूचे. मला वचनाचा रोख त्याच बाजूला झुकलेला वाटतो. तरीही तेच पत्र १०व्या अध्यायात, जो कोणी प्रभूचा धावा करील त्याचे तारण होईल, असे कोणालाही न वगळता सांगते.