रोजच्या स्केचिंगसाठी वही कोणती घ्यावी आणि ती 'आपली' कशी वाटावी?

तुम्ही लिहिलंय की रोज स्केचिंग करायचं ठरवलंय, पण दुकानातल्या वह्या बघून गोंधळ उडतो आणि नवी वही परकी वाटते. मी नाशिकचा. रविवारी सकाळी गोदाघाटावर वही घेऊन बसतो, तेवढ्या अनुभवावर सांगतो.

सुरुवातीलाच महागडी वही घेऊ नका. मी घेतली होती, कापडी बांधणीची, शंभर टक्के कॉटनच्या कागदाची. दोन वर्षं कपाटात पडून. पहिल्या पानाला शोभेल असं चित्र काही हातून होईना. शेवटी लेकीने त्यावर स्केचपेनने मांजर काढलं आणि मी सुटलो!

कागदाचं जीएसएम बघा, म्हणजे एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन. पेन्सिलीला १०० ते १५० पुरतं. जलरंग वापरणार असाल तर २०० च्या खाली नको, ३०० असेल तर उत्तम. शाईपेन वापरत असाल तर शाई फुटते का, ते दुकानदाराला विचारून कोपऱ्यात रेघ ओढून बघा. कॉटनचा कागद पाणी छान पचवतो. आपल्या नाशिकरोडच्या प्रेसमधल्या नोटाही कॉटनच्याच कागदावर छापतात, म्हणून तर खिशात धुतली गेलेली नोट वाळवून चालवता येते.

माप ए५, म्हणजे ए४ च्या निम्मं. घाटावर ए४ उघडली की मागे चार माणसं जमतात आणि त्यातले एक आजोबा घाटावरच्या मारुतीच्या मोठ्या मूर्तीकडे बघत हमखास म्हणतात, "दुतोंड्या मारुती जरा बारीक झालाय."

स्पायरलची वही मागे दुमडता येते, पण मधल्या तारेमुळे जोडपानावर सलग चित्र होत नाही. घाटाच्या पायऱ्या आडव्या पसरलेल्या, त्यांना जोडपानच लागतं. म्हणून मी शिवलेली वही घेतो. खरं तर आता शिवूनच घेतो. २२ बाय ३० इंचाचा एक मोठा कागद आणायचा, त्याचे आठ तुकडे करून प्रत्येक मधोमध दुमडायचा, की साडेपाच बाय साडेसात इंचाची १६ पानं होतात. अशा दोन-तीन कागदांची एक वही. कागद एकदा आडवा, एकदा उभा हलकेच वाकवून बघा. ज्या बाजूला सहज वाकतो, त्याच दिशेने घडी यायला हवी, नाहीतर वही फुगलेलीच राहते.

हिशेबाच्या चोपड्या बांधणारा एक बाइंडर मला जुन्या नाशकात सापडला. पुठ्ठ्यावर आईच्या फाटलेल्या इरकलीचा तुकडा खळीने चिकटवून दिला त्याने. मागच्या पुठ्ठ्याला आतून जुन्या पाकिटाचा खिसा केलाय, त्यात टिपकागद आणि बसची तिकिटं. बंद करायला पायजम्याची नाडी. हसू नका, रबरापेक्षा जास्त टिकते. पहिल्या पानावर चित्र काढतच नाही, तिथे तारीख आणि पेनांच्या रेघोट्या. शेवटच्या पानावर डबीतल्या रंगांचे ठिपके, नावासकट.

बाइंडरकडे दिलीत तर एक गोष्ट दोनदा बजावा: कडा कापून सारख्या करू नका. माझ्या पहिल्या वहीच्या त्याने सवयीप्रमाणे तिन्ही बाजू यंत्रात घातल्या. हाताने फाडलेल्या त्या सुंदर ओबडधोबड कडा गेल्याच, वर वही खिशाच्या डायरीएवढी झाली.