तीळ काढलास तर तुकडा तपासणीला पाठव

प्रिय पोरी,

फोटो पाहिला. नाकाशेजारचा काळा ठिपका वर्षभरात वाढलाय, मधूनच खपली धरतो, आणि साखरपुडा महिन्यावर आलाय म्हणून पार्लरमध्ये जाळून घेऊ का, असं तू विचारतेस. नको! जाळला की तपासायला काही उरत नाही. आपल्याकडे चेहऱ्यावरचा बेसल सेल कर्करोग, म्हणजे कातडीचा एक कर्करोग, बऱ्याचदा असाच काळा, तिळासारखा दिसतो. तो अंगात क्वचितच पसरतो, पण अर्धवट जाळला तर वरून कातडी भरते आणि खाली तो वाढत राहतो. चुना-सोड्याचंही तेच. सर्जनकडून कापून घे आणि तुकडा बायोप्सीला पाठव.

भूल जागेवरचीच असते. डॉक्टरांनी उपाशी बोलावलं नसेल तर पोहे-चहा घेऊन जा. उपाशी पोटी घेरी यायची शक्यता वाढते. मेकअप नको. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर सांग, मनाने बंद करू नकोस. कान टोचल्यावर कधी गाठ वाढली असेल तर तेही सांग.

कुठे कापायचं त्याची पेनाची खूण इंजेक्शनच्या आधी, बसवून, हसायला लावून करतात, कारण औषधाने कातडी फुगली की सुरकुत्यांची दिशा हरवते. 6 मिमीच्या तिळाला साधारण 18 मिमीची रेघ येते. घाबरू नकोस. गोल कापून शिवलं तर टोकांना कातडीचे उंचवटे राहतात, म्हणून लांबट कापतात. इंजेक्शन चुरचुरतं, नंतर नुसती ओढाताण कळते.

आता बाटली. तुकडा 10 टक्के फॉर्मेलिनमध्ये (तुकडा टिकवणाऱ्या द्रावणात) हवा, तुकड्याच्या दहापट तरी. सलाइनमध्ये तो सडतो, कोरड्या गॉजमध्ये वाळतो. बाटलीवर नाव, तारीख, ‘नाकाची उजवी बाजू’ हे टेबलावरून उठण्याआधी स्वतः वाच. ‘साधा तीळच आहे, कशाला खर्च’ असं कुणी म्हणालं तरी पाठव. बहुतेक तुकडे निरुपद्रवी निघतात, कबूल. मला हट्टी म्हणतात तेही कबूल. पण डोळ्यांना सगळं कळत असतं तर मायक्रोस्कोप कशाला लागला असता?

घरी रक्त आलं तर स्वच्छ गॉजने 15 मिनिटं सलग दाब. उचलून बघायचं नाही! तरी थांबलं नाही तर दवाखाना गाठ. टाके 5 ते 7 दिवसांत निघतात. जास्त राहिले तर शिडीसारखे व्रण उठतात. पुढे उन्हात सनस्क्रीन. रेघ काही महिने लाल राहील, साखरपुड्याच्या फोटोत दिसेल. दिसू दे.

टाके काढताना रिपोर्ट माग. त्यात कर्करोग आला असेल तर तुकड्याच्या कडा मोकळ्या, म्हणजे कर्करोगाशिवायच्या, आहेत का ते विचार. नसतील तर पुन्हा कधी कापायचं ते तिथेच ठरवून ये.