वाचकांचे प्रश्न : जोडीदाराला कॅमेरा भेट देताना

प्रश्न : माझी पत्नी येत्या मे महिन्यात शाळेतून निवृत्त होत आहे. तिला फोटोंची मनापासून हौस आहे. नातवाचे, घरच्या गणपतीचे, हळदीकुंकवाचे फोटो मोबाइलवर काढत असते. तिला न सांगता, पर्समध्ये मावेल असा छोटा कॅमेरा घ्यायचं ठरवलंय. दुकानात ४० एक्स झूमचा, २० मेगापिक्सेलचा एक दाखवला. दुसरा तेवढ्याच मापाचा आणि २० मेगापिक्सेलचाच, पण झूम जेमतेम ४ एक्स आणि किंमत मात्र बरीच जास्त. दुकानदार म्हणतो, पहिलाच घ्या. कोणता घ्यावा? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : नातू, गणपती, हळदीकुंकू म्हणजे घरातले फोटो, तेही बहुतेक दिवेलागणीनंतरचे. तेव्हा दुसरा घ्या. बजेट थोडं ताणावं लागलं तरी तोच घ्या.

कारण असं. ४० एक्स झूमच्या छोट्या कॅमेऱ्यात साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा सेन्सर (उजेड टिपणारी चिप) असतो, म्हणजे २८ चौरस मिलिमीटर. महागड्या कॅमेऱ्यातला ‘एक इंची’ सेन्सर १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा, म्हणजे ११६ चौरस मिलिमीटर. (तो कुठूनही मोजला तरी एक इंच भरत नाही, हे नाव जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांच्या काचनळ्यांवरून चालत आलंय.) २० मेगापिक्सेल दोन्हीकडे आहेत, पण चौपट मोठ्या जागेत पसरल्यामुळे प्रत्येक पिक्सेलच्या वाट्याला जास्त उजेड येतो. त्यात लेन्सचा फरक. कॅनन जी७ एक्स मार्क ३ या एक इंची कॅमेऱ्याची लेन्स एफ १.८ पासून सुरू होते, कॅननच्याच ४० एक्सवाल्या एसएक्स ७४० ची एफ ३.३ पासून. हा आकडा जितका लहान तितका लेन्सचा डोळा मोठा. इथे उजेडात सव्वातीन पटींहून जास्त फरक पडतो.

घरातल्या ट्यूबलाइटच्या उजेडात, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ८०० ठेवून, एफ १.८ ला शटर (उजेड आत येण्याचा वेळ) साधारण १/१६० सेकंद मिळेल. त्याच जागी एफ ३.३ ला १/५०. पूर्ण झूम केलं की ४० एक्सची लेन्स एफ ६.९ वर जाते आणि शटर १/१० वर येतं. खेळणारं मूल १/५० ला हलतं आणि १/१० ला ओळखूही येत नाही. ‘याच्यात स्टॅबिलायझर आहे’ असं दुकानदार सांगेल. तो आपल्या हाताची थरथर सावरतो, नातवाची धावपळ नाही.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. अलीकडचा बरा मोबाइल पाठोपाठ अनेक फोटो घेऊन एकत्र करतो, त्यामुळे स्थिर दृश्यात लहान सेन्सरचा कॅमेरा त्याच्यापुढे फिका पडतो. अशा कॅमेऱ्याची खरी जमेची बाजू एकच, लांबचं जवळ आणणं. त्या कामात मात्र तो मोबाइलला मागे टाकतो. भिगवणला उजनीच्या पाण्यावर होडीतून रोहित पक्षी टिपायचे असतील तर जी७ एक्सची १०० मिलिमीटरची पोच (हा आकडा जितका मोठा तितकं लांबचं जवळ येतं) काहीच कामाची नाही, तिथे ७०० ते ९०० हवी. सकाळच्या उन्हात शटर १/१००० पर्यंत सहज जातं आणि लहान सेन्सरही निभावून नेतो.

पत्नीला न विचारता तिची गरज ओळखायची असेल तर तिच्या मोबाइलमधले शेवटचे शंभर फोटो पाहा. घरातले किती, बाहेरचे किती, आणि बोटांनी ताणून झूम केल्याने भुरकट झालेले किती, ते मोजा. भुरकट फोटो पंचवीस-तीसच्या वर निघाले, तर झूमचा विचार पुन्हा करा. दोन्ही हवं असेल तर सोनीचा आरएक्स १०० मार्क ७ आहे : एक इंची सेन्सर, २४ ते २०० मिलिमीटर झूम, वजन ३०२ ग्रॅम. पण त्याची लेन्स एफ २.८ ते ४.५, म्हणजे रात्रीच्या उजेडात जी७ एक्सपेक्षा कमी. आणि किंमत सगळ्यात जास्त.

निवृत्तीच्या वयाचा विचार करता आणखी एक मुद्दा आम्हाला महत्त्वाचा वाटतो. मागचा स्क्रीन हातभर अंतरावर धरून पाहायचा तर जवळचा चष्मा लागतो, आणि उन्हात स्क्रीन दिसतही नाही. आरएक्स १०० मार्क ७ मध्ये वर उघडणारा व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून पाहायची खिडकी, आहे आणि त्याला चष्म्याचा नंबर जुळवायची सोय आहे. जी७ एक्समध्ये व्ह्यूफाइंडर नाही. सोनीच्या झेडव्ही-१ मध्येही नाही, शिवाय त्यात फ्लॅशही नाही. तो मुख्यतः व्हिडिओसाठी बनवलाय, आणि ‘एक इंचीमध्ये स्वस्त’ म्हणून पुढे केला जातो. घरगुती फोटोंसाठी फ्लॅश हवाच. आरएक्स १०० चा वर येणारा फ्लॅश बोटाने मागे झुकवून धरला की उजेड छतावर आपटून खाली येतो. पांढऱ्या छताखाली, हाताच्या अंतरावर बसलेल्या माणसांवर तो इतका मऊ पडतो की कपाळं चमकत नाहीत आणि मागच्या भिंतीवर काळी सावली उमटत नाही.

भेट हातात पडली की लगेच पहिला फोटो निघाला पाहिजे. म्हणून आदल्या दिवशी खोका उघडा. बॅटरी पूर्ण चार्ज करा. तारीख-वेळ लावा, ती चुकली तर फोटो मोबाइलवर घेतल्यावर भलत्याच वर्षात जाऊन बसतात आणि सापडत नाहीत. ६४ जीबीचं, व्ही३० (ही वेगाची खूण) लिहिलेलं कार्ड घाला आणि ते कॅमेऱ्यातूनच फॉरमॅट करा. जेपेग या नेहमीच्या फोटो-प्रकारात सात हजारांच्या आसपास फोटो मावतील. कार्ड बिल देणाऱ्या दुकानातूनच घ्या. बनावट कार्डावर ६४ लिहिलेलं असतं, आत ८ जीबीच असते. ती भरली की पुढचे फोटो निघाल्यासारखे दिसतात, पण उघडत नाहीत. मनगटाची दोरी बांधून द्या, कारण हे कॅमेरे गुळगुळीत असतात. दुसरी बॅटरी कंपनीचीच घ्या : एका चार्जमध्ये जी७ एक्स २३५ आणि आरएक्स १०० मार्क ७ २६० फोटो काढतो, म्हणजे लग्नाच्या दिवशी जेवणाच्या पंगतीआधीच संपते. मोबाइलमध्ये फोटो घ्यायला कंपनीचं वाय-फाय ॲप असतं, पण टाइप-सी पिनचा कार्ड रीडर जास्त सोपा. कार्ड काढलं, रीडर मोबाइलला लावला, हवे ते फोटो घेतले.

चिपळूणची हवा दमट, त्यामुळे बुरशीबद्दल सांगायलाच हवं. पावसाळ्यात कॅमेरा कपाटात, चामड्याच्या किंवा कापडी पाऊचमध्ये ठेवून दिला की लेन्सच्या आतल्या काचांवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते. छोट्या कॅमेऱ्याची लेन्स सुटी होत नाही, म्हणून ती काढायला पूर्ण कॅमेरा उघडावा लागतो. रबरी कडा असलेला हवाबंद डबा घ्या, त्यात २०० ग्रॅम सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांत असू द्या. जेल नारिंगी रंगाचं घ्या. रंग बदलला की ११० ते १२० अंशांवर ओव्हनमध्ये तास-दीड तास तापवा, ते पुन्हा कामाचं होतं. डांबराच्या गोळ्या डब्यात टाकू नका. आणि दर आठवड्याला कॅमेरा बाहेर काढून चार फोटो काढा, वापरता कॅमेरा सहसा बुरशी धरत नाही.

प्रश्न : यांना पावसाळी ट्रेकचं वेड आहे. राजमाची, भीमाशंकर, मग सप्टेंबरात कास. मोबाइल दोनदा भिजून गेला. वाढदिवसाला एखादा छोटा, पण भक्कम कॅमेरा द्यायचाय. – एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, वर सांगितलेले कॅमेरे इथे नकोत. त्यांची लेन्स बाहेर येते-आत जाते, आणि प्रत्येक वेळी हवेबरोबर ओल आणि बारीक माती आत ओढते. वाळूचा एक कण नळीच्या फटीत अडकला की लेन्स अर्ध्यावर थांबते आणि स्क्रीनवर लेन्स एरर येतो. सॅकमध्ये चुकून बटण दाबलं जाऊन लेन्स कपड्यांवर रेटली गेली तरी आतली दातेरी चक्रं तुटतात.

ओएम सिस्टिमचा टफ टीजी-७ (२०२३) अशा कामासाठीच बनवलेला आहे. १५ मीटर पाण्यात चालतो, २.१ मीटरवरून पडणं सोसतो. लेन्स बाहेर येतच नाही, झूम आतल्या आत होतो. सेन्सर लहान आणि १२ मेगापिक्सेलचा आहे, म्हणजे रात्री घरात तो जी७ एक्सची बरोबरी करणार नाही, हे आधीच माहीत असू द्या. पण त्याचा मायक्रोस्कोप मोड लेन्सपासून १ सेंटिमीटरवर फोकस करतो. कासला सीतेची आसवं किंवा दवबिंदू तो ज्या तपशिलाने टिपतो, तसा मोबाइल क्वचितच टिपेल. जाता जाता सांगतो, कासला फुलांत पाऊल न टाकता वाटेच्या कडेवरूनच हे फोटो निघतात.

पाणी आत शिरतं ते बॅटरीच्या आणि चार्जिंगच्या झाकणातून. रबराच्या पट्टीवर एक केस किंवा कापडाचा धागा पडलेला असला तरी पुरतो. निघण्यापूर्वी पट्टी सुक्या कापडाने पुसून, झाकण दाबून, कुलपाची खूण नीट बसली का ते यांनी पाहावं. ओल्या हातांनी झाकण उघडायचं नाही. तारकर्लीच्या समुद्रात नेला तर परत आल्यावर झाकणं बंद ठेवून गोड्या पाण्यात दहा मिनिटं बुडवून ठेवावा. मीठ वाळलं की बटणं अडकतात. पाणी शिरल्याचा बिघाड बहुधा वॉरंटीत धरत नाहीत, म्हणून भारतातली वॉरंटी काय काय देते ते बिल करण्याआधी लेखी घ्या.

प्रश्न : बायकोला २००७-०८ सालच्या जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांचे रंग आवडतात. वापरलेला घेताना काय पाहू? – एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी कार्ड. त्या काळच्या सोनीला मेमरी स्टिक लागते, ऑलिम्पस आणि फुजीच्या बऱ्याच मॉडेलना एक्सडी कार्ड. दोन्ही आता मुश्किलीने मिळतात. म्हणून एसडी कार्डाचा बघा, आणि तो एसडीएचसी (जास्त जागेचं एसडी कार्ड) घेतो का तेही विचारा. घेत नसेल तर २ जीबीच्या वरचं कार्ड चालणार नाही. घेत असेल तर ३२ जीबीपर्यंत.

मग कॅमेरा चालू करून मोबाइलचा टॉर्च लेन्सवर तिरका मारा. आत धागे किंवा पांढुरके ठिपके दिसले तर सोडून द्या. झूम दहा वेळा आत-बाहेर करा; करकर आवाज किंवा अडखळणं चालणार नाही. बॅटरी काढून सपाट टेबलावर ठेवा. ती डुलली तर फुगलेली आहे, किमतीतून नव्या बॅटरीचे पैसे वजा करा. बॅटरी पाच मिनिटं बाहेर ठेवून परत घातल्यावर तारीख पुसली गेली, तर आतला छोटा सेल संपलाय. फोटो निघतील, पण दर वेळी तारीख लावावी लागेल. स्क्रीनवर दिव्याभोवती जांभळी उभी रेघ दिसली तर घाबरू नका, सीसीडी या जुन्या प्रकारच्या सेन्सरचा तो स्वभावच आहे. बिनदिव्याचा फोटो काढून पाहा; तिथेही रेघ आली तर सेन्सर गेलेला.

प्रश्न : भाऊ जपानहून येतोय. मिस्टरांसाठी तिथून सोनीचा कॅमेरा मागवू का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : जपानच्या बाजारासाठी बनवलेल्या सोनीच्या बहुतेक कॅमेऱ्यांत मेन्यू फक्त जपानी भाषेत असतो, नंतर बदलता येत नाही. मागवायचाच असेल तर परदेशी प्रवाशांसाठीचं, भाषा बदलता येणारं मॉडेल भावाला दुकानात चालू करून, मेन्यूत इंग्रजी निवडून पाहायला सांगा. त्याची वॉरंटी भारतात चालेल का, तेही कार्डावर वाचून घ्यावं. जादा बॅटरी चेक-इनच्या बॅगेत टाकायच्या नाहीत. टोकांना चिकटपट्टी लावून हातातल्या बॅगेत आणायच्या. इथे घ्यायचा झाला तर मुंबईत सीएसएमटीजवळ बोरा बाजारात कॅमेऱ्यांची दुकानं शेजारी शेजारी आहेत, भाव ताडून पाहता येतो. तिथे ‘बिलासह’ आणि ‘बिनबिलाचा’ असे दोन भाव सांगितले, तर बिलाचाच घ्या, आणि बिलावरचा सिरियल नंबर कॅमेऱ्याच्या तळाशी असलेल्या नंबराशी काउंटरवरच जुळवा.