स्विफ्ट डिझेलचा पिकअप गेलाय. मेकॅनिक म्हणतो वेस्टगेटचा रॉड आवळू. किती आटे आवळावेत?

एकही नाही. आधी टर्बोकडून इंजिनकडे हवा नेणारे पाइप बघा. वेस्टगेट म्हणजे बूस्ट (टर्बो इंजिनात दाबून भरतो त्या हवेचं प्रेशर) हाताबाहेर जाऊ नये म्हणून एक्झॉस्टचा वायू बाजूने सोडणारी झडप, आणि रॉड ती हलवतो.

रॉड आवळायचा हाच सल्ला आमच्या साडूंना मिळाला होता, म्हणून लिहायला बसलो. त्यांचीही स्विफ्टच, ७५ पीएसवाली. खंबाटकीत तिसऱ्या गिअरला दम टाकायची आणि मागे काळा धूर. मेकॅनिकचं निदान: "अ‍ॅक्ट्युएटरचा पडदा फाटलाय, त्यामुळे बूस्ट पडतंय. रॉड आवळून देतो." अहो, या टर्बोत अ‍ॅक्ट्युएटरच्या, म्हणजे रॉड हलवणाऱ्या डबीतली स्प्रिंग गेट बंद धरते आणि बूस्टचं प्रेशर पडद्यावर आलं की रॉड पुढे सरकून गेट उघडतं. पडदा फाटला तर गेट उघडणारच नाही, म्हणजे बूस्ट वाढेल. पडेल कसं? साडूंना हे सांगितलं तर म्हणे, "त्याचं आयुष्य गेलंय या कामात."

आवळला. गाडी ढिम्म.

मग मी टर्बोकडून इंटरकूलरकडे (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीकडे) जाणारा रबरी पाइप खालून चाचपला. क्लॅम्पजवळ हाताला काळं तेल लागलं. तिथे पाइप वाकवला तर बोटाच्या पेराएवढी चीर उघडली, सोडला की मिटली. इंजिन बंद असताना वरून बघून ती कधीच दिसली नसती. पाइप बदलला, गाडी पळायला लागली. पण त्याच घाटात पुन्हा चेक लाइट पेटला आणि गाडी लिंप मोडमध्ये, म्हणजे इंजिन वाचवायला ताकद मुद्दाम कमी. स्कॅनरवर पी०२३४, म्हणजे ओव्हरबूस्ट. उघड आहे, गळती बंद झाली आणि रॉड आवळलेलाच होता. तरी मेकॅनिक म्हणाला, "पाइप डुप्लिकेट बसवलाय." साडू आजही प्रत्येक लग्नकार्यात पंगतीत हेच ऐकवतात. तुमच्या स्कॅनरवर पी०२९९, म्हणजे अंडरबूस्ट आला, तरी तो फक्त बूस्ट कमी आहे एवढंच सांगतो, रॉड आवळा असं नाही.

रॉड मूळ जागी आणताना खरा वैताग, कारण आवळण्याआधी कोणी खूणच केली नव्हती. तेव्हा हात लावायचाच असेल तर आधी आट्यांवर रंगाची रेघ ओढा. क्लिप काढून रॉडचं टोक लिव्हरवरून सोडवा, चेकनट (रॉडची लांबी पक्की धरणारा नट) सैल करा, मग फिरवा. टोक अडकलेलं असताना रॉड पिरगळला तर पडदा पिळतो. रॉड आखूड केला की गेट उशिरा उघडतं, लांब केला की लवकर. दर वेळी थोडंसंच फिरवून, गेज असलेल्या हातपंपाने हवा देऊन रॉड किती प्रेशरला हलायला लागतो ते बघा. तो आकडा तुमच्या टर्बोवरच्या पार्ट नंबरप्रमाणे शोधा, शेजाऱ्याच्या गाडीचा चालत नाही. टायरवाल्याचा कॉम्प्रेसर थेट लावू नका, चांगला पडदाही फाटेल.

नवा अ‍ॅक्ट्युएटर बसवला किंवा टर्बो खोलून जोडला, तर सेटिंग लागतंच. पिकअप गेला म्हणून आटे आवळणं ही निव्वळ टाळाटाळ आहे. पाइप, एअर फिल्टर, ईजीआर (एक्झॉस्टचा थोडा वायू परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) तपासायचा कंटाळा.

हां, हे सगळं प्रेशरवर चालणाऱ्या वेस्टगेटचं. व्हॅक्यूमवर चालणारा व्हीजीटी टर्बो (आतल्या पात्यांचा कोन बदलणारा) असेल तर तिथे पडदा फाटल्यावर पिकअप खरंच जातो. साडूंच्या मेकॅनिकने बहुधा तिथलं ज्ञान इथे चिकटवलं. साडू हे वाचत असतील तर त्यांनी एवढा एकच परिच्छेद त्याला दाखवू नये.